अनुभव धागा: वसंतातील फुले, घरटी आणि आवरलेला हात

अंगणवेल
फाल्गुन सरत आला की दयाळ पहाटेच शीळ घालू लागतो. एरवी कुंपणाच्या कडेने मुकाट्याने किडे टिपणारा हा पक्षी या दिवसांत झाडाचा शेंडा गाठून बराच वेळ गातो. काल त्याच्या गाण्याने जाग आली आणि चिपळूणजवळच्या आमच्या जुन्या घरातील आजी आठवली. एका वर्षी चैत्रगौर बसायच्या सुमारास तिच्या मोगऱ्याच्या दाट झुडपात बुलबुलाने घरटे केले. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना गजरे द्यायचे होते आणि झुडूप कळ्यांनी भरले होते. तरीही आजीने त्या बाजूला कोणालाही फिरकू दिले नाही. फुले तिथेच उमलली, पिवळी पडली, गळली, आणि गजऱ्यांसाठी तिने शेजारच्या काकूंकडून ओंजळभर फुले मागून आणली. तिने पक्ष्यांना हौसेने दाणे टाकल्याचे मला आठवत नाही. तिची दया हात आवरण्याची होती. आपल्या बागेत, गच्चीत वा खिडकीत असे काही घडले असेल तर अवश्य लिहावे. मदत करावी की बाजूला राहावे, हे आपण कसे ठरवले, तेही सांगावे.

तिसरा मजला
बुलबुल निदान झुडपात तरी राहतो. शिंजिराच्या मादीने आमच्या गॅलरीतील कपड्यांच्या दोरीलाच घरटे टांगले. कोळ्याची जाळी, वाळकी पाने आणि सालींचे तुकडे आणून ती एकटीच बांधत होती. दाराच्या वर छोटी पडवीसुद्धा तिने काढली. नर मात्र नव्या चकचकीत निळ्या-जांभळ्या पिसांत समोरच्या जास्वंदीवर मिरवत असे. (पिल्ले झाल्यावर त्यानेही भरवण्याचे काम केले, हे न्यायाने सांगितले पाहिजे.) तोपर्यंत आमचे धुणे दिवाणखान्यात वाळत होते आणि पाहुण्यांना टॉवेलांखालून वाकून यावे लागत होते. सासूबाई म्हणाल्या, "माहेरपणाला आलेली लेक आहे, चार दिवस सोसा."

रानपाखरू
अंगणवेलताई, आपल्या प्रश्नाला थोडे कोरडे उत्तर देतो. मी पुण्यात जखमी पक्ष्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना सुटीच्या दिवशी मदत करतो. या ऋतूत लोक खोक्यात घालून जी पिल्ले आणतात, त्यांतील अनेकांना मदतीची गरजच नसते. पिसे फुटलेले, आखूड शेपटीचे, जमिनीवर टुणटुण उड्या मारणारे पिल्लू हे बहुधा उडायला शिकणारे असते आणि त्याचे आईबाप जवळच असतात. तेव्हा मांजर-कुत्र्याला दूर ठेवावे आणि आपणही दूर व्हावे. पिसेच न फुटलेले पिल्लू पडले असेल आणि घरटे हाताला लागत असेल, तर अलगद परत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकतात, ही समजूत खरी नाही. दूध-पाव देऊ नये आणि चोचीत पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावू शकते. पंख मोडला असेल किंवा मांजराचा दात लागला असेल, तर मात्र वेळ न घालवता जाणकाराकडे न्यावे.

तिसरा मजला
हे फार उपयोगी आहे. मांजर आमचेच असेल तर?

रानपाखरू
तर दोन-तीन दिवस त्याला घरात कोंडावे आणि त्याची शिव्याशापांची भाषा ऐकून घ्यावी.

कडुनिंबाखाली
नागपूर. कडुनिंबावर कावळ्याचे घरटे, त्यात कोकिळेचे पिल्लू, आणि कावळीण दिवसभर त्याला भरवत होती. मुलगा चिडला, त्याला हा अन्याय वाटत होता आणि त्याने काठीसुद्धा शोधून आणली. मी त्याला अडवले, पण कारण काय सांगावे हे मला सुचले नाही. त्याच कावळ्यांनी आदल्या आठवड्यात आमच्या मधुमालतीतील बुलबुलाची अंडी पळवली होती. आजींनी त्या वेळी कावळ्याला हाकलले असते का, हे जाणून घ्यायला आवडेल.

अंगणवेल
हाकलले असते. त्याच कावळ्याला दुपारी भाताचा घासही ठेवला असता. तिच्या वागण्यातील ही विसंगती तिला कधी टोचली नाही आणि मलाही आता टोचत नाही.

उंबरठा
न्यू जर्सीतून लिहिते आहे. येथे एप्रिलमध्ये पाने नसलेल्या फांद्यांवर फॉर्सिथियाची पिवळी फुले येतात आणि त्याच सुमारास रॉबिन घरट्याची जागा शोधतो. आमच्याकडे त्याने मुख्य दारावरचा दिवा निवडला. निळ्या अंड्यांचे ते घरटे आम्ही मनात आणले तरी हलवू शकलो नसतो, कारण 1918 च्या स्थलांतरित पक्ष्यांविषयीच्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. पिल्ले उडेपर्यंत आम्ही गॅरेजमधून ये-जा केली. कोल्हापूरहून आलेल्या आईंना मात्र तो पक्षी उपाशी असल्याचे वाटून त्यांनी पायरीवर तांदूळ पसरले. रॉबिनने तिकडे पाहिलेही नाही. तो हिरवळीतून गांडुळे ओढत राहिला आणि तांदूळ खारींनी संपवले. आईंचा आग्रह असा होता की खारीही कोणाच्या तरी पोटच्याच आहेत.

चाळकरी
आईंचे म्हणणे ऐकून हसू आले, परंतु दाणे टाकण्याविषयी माझे मत कडवट आहे. 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत केवढा वाद झाला, ते सर्वांना ठाऊक आहे. माझ्या वडिलांना फुप्फुसांचा त्रास आहे, आणि कबुतरांची विष्ठा व पिसे यांच्या कणांमुळे फुप्फुसांना सूज येऊ शकते, असे डॉक्टरांनी आम्हाला समजावले. समोरच्या खिडकीतील आजोबा मात्र पत्नीच्या आठवणीसाठी रोज ज्वारी टाकतात. त्यांना नको म्हणताना माझी जीभ अडखळते. शेवटी मीच त्यांच्या खिडकीसाठी पक्ष्यांना पाणी ठेवायला मातीची उथळ परळ आणि तगरीची कुंडी नेऊन दिली. ज्वारी कमी झाली आहे, बंद झालेली नाही.

रानपाखरू
परळीतील पाणी रोज बदलण्यास त्यांना सांगावे. डेंगीचे डास बहुधा स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतात.

मोगरावेडी
विषय थोडा बाजूला नेते, त्याबद्दल क्षमस्व. आमच्या मोगऱ्याला या वर्षी नुसती पानेच आली आहेत. आता छाटला तर चालेल का?

अंगणवेल
छाटणी थंडी सरताना व्हायला हवी होती. आता भरपूर ऊन द्यावे, नत्राचे खत थांबवावे आणि फक्त वाळक्या काड्या काढाव्यात. कात्री लावण्याआधी आत घरटे नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

मोगरावेडी
पाहिले. आत शेजाऱ्यांचा चेंडू आहे.