अकरा जमेनात तरी जिंकलेली मॅच: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ता, कोल्हापूर

अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट क्लबची २०२१ ची ती मॅच किती जणांनी बघितलीय? १९ मे, कोपा लिबर्टाडोरेस ही दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची स्पर्धा, समोर कोलंबियाची सांता फे. रिव्हरचे वीसच्या वर खेळाडू कोविडमुळे बाहेर, सगळे गोलकीपर त्यातच, नवीन कीपरची नोंदणी करायला परवानगी नाही, बेंच रिकामा. मग एन्झो पेरेझ हा मिडफिल्डर, ज्याला दुखापतीमुळं धड पळताही येत नव्हतं, तो ग्लोव्ह घालून गोलमध्ये उभा राहिला. पहिल्या सहा मिनिटांत रिव्हरनं दोन गोल मारले आणि नंतर सगळा वेळ बाकीचे दहा जण त्याच्यापर्यंत बॉल पोचूच द्यायचा नाही म्हणून राबले. २-१ जिंकले. मॅन ऑफ द मॅच पेरेझला मिळालं आणि ते योग्यच झालं, पण मी ती मॅच परत परत लावतो ती त्याच्या पुढच्या बॅकसाठी, म्हणजे बचाव करणाऱ्यांसाठी.

हौशी फुटबॉलमध्ये ही वेळ दर सिझनला येते. कुणाची परीक्षा, कुणाची नाईट शिफ्ट, कुणाचा गुडघा. तर लिहा, कोण नव्हतं, कुणाला कुठं उभं केलं आणि जिंकलात कसं. मोठ्या स्पर्धेचंच पाहिजे असं काही नाही.

सुरुवात मीच करतो.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठा आणि तालमी हे सगळ्यांना माहीत आहे. पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांच्या मॅचला शाहू स्टेडियम कसं भरतं ते बाहेरच्यांनी एकदा येऊन बघावं. मी सांगतोय ती त्याच्या कितीतरी खालची, गल्ल्यागल्ल्यांच्या टीमची स्पर्धा, तांबड्या मातीचं शाळेचं मैदान, फक्कीनं मारलेल्या लाईनी. सेमीफायनलच्या आदल्या दिवशी आमचा कीपर गाडीवरनं पडला, मनगट प्लास्टरमध्ये. राईट बॅकची बारावीची परीक्षा, त्याच्या घरचे सोडणार नव्हतेच आणि सोडूही नये. दोघं पुण्याला नोकरीवर, सुट्टी मिळाली नाही. कसेबसे अकरा झाले, तेही कसे, तर गल्लीतल्या एका व्हॉलीबॉलवाल्या पोराला गोलमध्ये घातलं आणि मंडळाचे आण्णा, जे चाळिशी ओलांडून खेळायचे थांबले होते, ते बूट घेऊन स्टॉपरला, म्हणजे बचावात मधोमध खेळायला आले.

व्हॉलीबॉलवाल्याला आण्णांनी दोनच गोष्टी सांगितल्या. बॉल धरायला जायचं नाही, एकतर पंच मारायचा नाहीतर तळहातानं बारच्या वरनं घालवायचा. आणि आपल्या माणसानं पायानं मागं दिला तर हात लावायचा नाही, समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक जाते. मग आम्हा बाकीच्यांना म्हणाले, हे दुसरं त्याच्या ध्यानात राहील न राहील, तुम्ही मागं देऊच नका, साईडलाईनबाहेर मारा. गोलकिक आण्णा स्वतः मारणार. जुन्या कीपरचे ग्लोव्ह त्याला ढिले होत होते म्हणून मनगटावर इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळली, आणि ती गुंडाळत बसला होता आमचा प्लास्टरवाला कीपरच, एका हातानं, टेपचं टोक दातात धरून.

पहिल्या हाफला आम्हाला एक कॉर्नर मिळाला, गोंधळात आमच्या लेफ्ट विंगच्या नडगीला लागून बॉल आत गेला. १-० आणि त्यानंतर आम्ही त्यांच्या हाफमध्ये फारसे गेलोच नाही. आण्णा पळत नव्हते, बोलत होते. डावीकडं सरक, याला आत येऊ देऊ नको, आता पुढं नको जाऊस, अख्खी मॅच त्यांचा आवाज चालू. शेवटी शेवटी समोरच्या टीमला कॉर्नर मिळाला, त्यांच्या उंच पोरानं सहा यार्डावरनं हेडर मारला आणि आमचा व्हॉलीबॉलवाला जागेवरनं सरळ वर उडाला, दोन्ही हात जोडून नेटवर ब्लॉक करतात तसा. बॉल त्याच्या तळव्यांना लागून खाली मेला, आण्णांनी तो असा मारला की शाळेच्या कंपाउंडबाहेर. शिट्टी झाली तेव्हा आण्णांच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते, ते खाली बसू शकत नव्हते म्हणून गोलपोस्टला धरून उभे होते, आणि त्याच अवस्थेत पोरं त्यांना उचलायला गेली.

आता तुम्ही लिहा.

डोंबिवली

भारी धागा आहे, वाचूनच अंगावर काटा आला.

माझा अनुभव कंपन्यांच्या आपापसातल्या लीगचा. रविवार, दुपारी बाराची किकऑफ, मैदान साउथ मुंबईत आणि सेंट्रलला मेगाब्लॉक. मी सकाळीच निघालो म्हणून पोचलो, मागचे सगळे ठाण्याच्या आसपास अडकले. ग्रुपवर नुसते मेसेज, गाडी थांबलीय, गाडी थांबलीय. बाराला आम्ही सात जण आणि एचआरमधला एक मुलगा जो फोटो काढायला आला होता. कंपनीचं आयडी असलेला कुणीही चालत होता त्यामुळे त्याला जर्सी घातली. आमच्या कॅप्टनने एक हुशारी केली जी मी तेव्हापासून कायम लक्षात ठेवलीये, टीमशीटवर ट्रेनमध्ये अडकलेल्या सगळ्यांची नावं किकऑफच्या आधी लिहून टाकली, कारण नाव नसेल तर नंतर आलेल्याला खेळवता येत नाही.

आठ जणांत कीपर, चार बॅक, दोन मध्ये आणि एचआरवाला पुढे एकटा. त्याला एवढंच सांगितलं की तू बॉलच्या मागे पळू नकोस, त्यांच्या मधल्या स्टॉपरला चिकटून उभा राहा, म्हणजे त्यांना निदान दोन माणसं मागे ठेवावी लागतील. आणि त्याने ते इतकं मनापासून केलं की तो स्टॉपर वैतागून रेफ्रीकडे तक्रार करायला लागला. रेफ्री म्हणाला तो उभाच आहे, फाउल कसला. हाफटाइमला ०-१. सेकंड हाफ सुरू होऊन थोडा वेळ झाला तेव्हा सीएसएमटीवरून पळत आमचे तीन जण आले, बॅगा टचलाईनवर टाकल्या, बाथरूमलासुद्धा न जाता बूट बांधले. समोरचे अकरा जण आठ जणांना फोडायच्या नादात दमले होते आणि आमचे तीन ताजे. १-१, मग २-१. दुसरा गोल त्या तिघांतल्याच एकाचा, पण त्याने पळत जाऊन मिठी मारली ती एचआरवाल्याला.

पुणे

मुलींच्या टीमचा अनुभव चालेल ना? चालायलाच पाहिजे कारण आमच्याकडे जुळवाजुळव हीच टीम असायची.

कॉलेजला असताना इंटरकॉलेजिएटला आमच्या कॉलेजची मुलींची फुटबॉल टीमच नव्हती, खेळता येणाऱ्या आम्ही पाच जणी. पीटीच्या मॅडमनी बाकीच्या दुसऱ्या खेळांतून गोळा केल्या. कबड्डीच्या तिघी डिफेन्सला, ॲथलेटिक्सची एक शंभर मीटरवाली उजव्या विंगला, आणि गोलमध्ये हँडबॉलची कीपर. सरावाला जेमतेम आठवडा. सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल तर थ्रो-इनमध्ये! हँडबॉलवालीचा हात एकच वर जायचा आणि कबड्डीवाल्यांचा मागचा पाय उचलला जायचा. मॅडम भिंतीसमोर उभं करून दोन हात, डोक्याच्या मागून, दोन्ही पाय जमिनीवर, असं घोकून घ्यायच्या.

पण मॅचमध्ये काय झालं सांगते. कबड्डीच्या मुली समोरच्या फॉरवर्डच्या पायांकडे बघतच नव्हत्या, कमरेकडे बघत होत्या. रेडर कुठे वळणार हे कमरेवरून कळतं म्हणे. त्यामुळे समोरची चकवायला जायची आणि ही आधीच तिथे उभी. पकडायचं नाही, हात मागे ठेवा, हे मात्र आम्ही सारखं ओरडत होतो. हँडबॉलवाली तर विचारूच नका, त्या खेळात कीपर हातपाय फाकवून अख्खं अंग मध्ये घालते, ती जवळच्या शॉटला तशीच पुढे यायची. ०-० संपली आणि पेनल्टी. तिने दोन पायाने अडवल्या, एक त्यांनी बाहेर मारली. शेवटची आमची होती आणि मारायला आली ती शंभर मीटरवाली, कारण आम्हा पाच जणींपैकी दोघींनी आधीच मारल्या होत्या, दोघींच्या चुकल्या होत्या आणि पाचवी रडत होती, तिला जमणार नव्हतं. हिने रनअपच एवढा लांबून घेतला की रेफ्रीने विचारलं कुठे चाललीस. सरळ, जमिनीलगत, मधोमध. ३-२.

त्या मॅचनंतर कबड्डीच्या तिघींतली एक फुटबॉलमध्येच राहिली, पुढे युनिव्हर्सिटीच्या ट्रायलपर्यंत गेली.

नागपूर

मी रेफ्री आहे त्यामुळे माझा अनुभव शिट्टीच्या बाजूचा, पण वर नियमांचे उल्लेख आले म्हणून लिहितोय. सात हा आकडा सगळ्या हौशी कॅप्टननी पाठ ठेवा, सातपेक्षा कमी झाले तर मॅच सुरूही होत नाही आणि चालूही राहत नाही. दुसरं, मैदानातला कोणीही कीपरबरोबर जागा बदलू शकतो पण रेफ्रीला सांगून आणि खेळ थांबलेला असतानाच, आणि कीपरचा शर्ट बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा हवा.

एका मॅचला कीपर दुखापतीने बाहेर गेला, बदली खेळाडू संपलेले, दहा जण राहिले. वेगळा शर्ट होता पण तो रक्ताने भरलेला, तो घालू देता येत नाही. मी थांबलो. तर विरुद्ध टीमच्या कीपरने बॅगेतून स्वतःचा जादा शर्ट काढून दिला. हे मी इतकी वर्षं कुणाकुणाला सांगत आलोय. त्याची टीम ती मॅच हरली, १-०, आणि त्याच्याच शर्टातल्या पोराने शेवटच्या मिनिटांत दोन शॉट काढले. मॅच संपल्यावर शर्ट परत द्यायला गेला तर तो घेईना.

सांगली

मी खेळणारा नाही, बघणारा. धागाकर्त्यांनी जिंकलेल्या मॅच मागितल्यात तरी एक हरलेली लिहितो कारण रिव्हर प्लेटचा विषय निघाला की मला हीच आठवते. कोमोरोस हा बेटांचा छोटा देश, जानेवारी २०२२, आफ्रिका कप, समोर यजमान कॅमेरून. एक कीपर जखमी, दोघांना कोविडमुळे खेळता येत नाही. शाकेर अलहदूर हा लेफ्ट बॅक गोलमध्ये, कीपरच्या शर्टावर टेपने ३ नंबर चिकटवलेला. सातव्या मिनिटाला कॅप्टनला रेड कार्ड. म्हणजे उरले दहाच, त्यातही कीपर नसलेला कीपर. तरी २-१ च हरले, आणि त्यांचा तो एक गोल, मचांगामाची लांबवरची फ्री किक, जमलं तर नक्की बघा. अलहदूरने एकापाठोपाठ दोन शॉट अडवले ते बघून आमच्या हॉलमध्ये सगळे उभे राहिले होते.

न्यूर्नबर्गजवळ, जर्मनी

इथे गावोगावी क्लब आहेत आणि प्रत्येकाची दुसरी टीम असते, तिला नुसतं ‘दुसरी’च म्हणतात. रविवारी आधी दुसरीची मॅच, मग त्याच मैदानावर पहिलीची. पहिलीत कुणी आजारी पडला की दुसरीतला वर जातो आणि दुसरीचं भोक भरायला आमच्यासारख्या चाळिशीतल्यांना फोन येतो. मी ऑफिसातल्या मित्रामुळे नोंदणी करून ठेवली होती, इथे त्याशिवाय हौशी मॅचलाही उभं करत नाहीत.

नोव्हेंबरचा रविवार, मैदान म्हणजे चिखल. आम्ही नऊ. खालच्या लीगमध्ये काही ठिकाणी आधी कळवलं तर दोन्ही टीम नऊ-नऊ खेळू शकतात, तशी सोय केली होती. मी लेफ्ट बॅक, माझ्या शेजारी गावचा बेकर जो रात्री दोनपासून जागा होता, पुढे एक सतरा वर्षांचा आणि गोलमध्ये त्याचे वडील. मला जर्मन बऱ्यापैकी येतं पण ह्या लोकांची बोली मैदानात काही कळत नाही, त्यामुळे बेकर मला खांद्याला धरून फिरवायचा, इकडे, आता इकडे. ०-२ वरून ३-२ जिंकलो. तिसरा गोल पोराने मारला, बापाने गोलमधून जी आरोळी ठोकली ती आवाज न करणाऱ्या देशात मी पहिल्यांदाच ऐकली. बायको आणि मुलगी छत्री धरून उभ्या होत्या, मुलगी मराठीतून ओरडत होती, बाबा मागे बघा, मागे बघा. बेकरने नंतर विचारलं, ती काय सांगत होती? मग पुढच्या मॅचला तोही ‘मागे बघा’ म्हणायला लागला.

धागाकर्ता, कोल्हापूर

पुण्याच्या ताई, कमरेकडं बघायचं हे आमच्या पोरांना सांगितलं, उद्यापासून सरावात घेतोय. नागपूरच्या सरांनी सांगितलेला शर्ट देणारा कीपर, त्याला माझा मुजरा कळवा.

पेडणे, गोवा

आमचं मैदान म्हणजे भात कापून झालेलं शेत. खुंट राहतात, पडलं की कोपरं सोलतात, तरी दरवर्षी वाड्यावाड्यांच्या मॅच तिथंच. त्या वर्षी आमचे दोन्ही फॉरवर्ड बोटीवर नोकरीला गेलेले. टीममध्ये सगळ्यात जोरदार शॉट कुणाचा, तर कीपरचा. म्हणून त्यालाच पुढं आणला आणि गोलमध्ये दहावीतल्या एका पोराला घातला. सावंतवाडीहून मामाकडचे दोघे आले होते, क्रिकेटवाले, त्यांना मध्ये ठेवला, तू फक्त अडव आणि जवळच्याला दे, एवढंच.

गंमत अशी की आमचा कीपर पुढं गेला तरी मागं बघून त्या पोराला सूचना देत होता, पुढं ये, पुढं ये, पोस्ट सोड. समोरच्यांना वाटलं ह्याचं लक्ष नाही, त्याला मोकळा सोडला. त्यानं हाफलाईनच्या थोडं पुढून एक मारला, तो खुंटावर टप्पा घेऊन त्यांच्या कीपरच्या बगलेतून गेला. तोच एक गोल. दहावीतल्या पोरानं तीन चांगले काढले, एकदा तर स्ट्रायकरच्या पायातच उडी घेतली, त्याची आई बांधावर उभी होती, ती मैदानात यायला निघाली, लोकांनी धरली.

सेमीफायनललाही हीच टीम उतरवली. त्याचं वेगळं लिहितो, आधी बाकीच्यांचे येऊ दे.