मदत हवी आहे: हिवाळ्यात उभ्या मोटरहोममध्ये आतून पाणी सुटतंय

मंडळी,

गेल्या मे महिन्यात आम्ही सेकंडहँड मोटरहोम घेतली. फियाट डुकाटो व्हॅनवर बांधलेली, चौघांना झोपता येईल अशी. उन्हाळाभर वेल्स, लेक डिस्ट्रिक्ट, स्कॉटलंड असं हुंदडून झालं. राहतो इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या लीड्सला. आमच्या वसाहतीत दारात मोटरहोम उभी करता येत नाही (घराच्या करारातच कलम आहे), म्हणून नोव्हेंबरात ती गावाबाहेर एका शेतावरच्या स्टोरेज यार्डात नेऊन लावली. उघड्यावर, खडीवर. वीज नाही.

माझं बालपण चिपळूणचं. ओल म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको, अशा गुर्मीत मी जय्यत बंदोबस्त केला. छताचे झरोके गच्च बंद, फरशीतल्या जाळ्यांवर चिकटपट्टी, गाद्या-उशा जागच्या जागी, कपाटांत डांबराच्या गोळ्या, पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदे आणि वरून निळी ताडपत्री दोरीने आवळून. आई पावसाळ्याआधी ट्रंक भरायची तशी गाडी भरली म्हणा ना. शिवाय सुपरमार्केटात मिळतात ते ओल शोषणारे तीन डबे ठेवले, वर पांढरे खडे आणि खाली पाणी साठतं ते.

परवा, म्हणजे दहा आठवड्यांनी, दार उघडलं. आधी वास आला, ओल्या गोणपाटासारखा. पुढच्या काचेवर आतून ओघळ, ते थेट डॅशबोर्डावर. मागच्या पलंगाची गादी उचलली तर खालच्या अंगाला करडे ठिपके. पलंगाच्या लाकडी पट्ट्या जिथे टेकतात तिथे दाट, मधल्या फटींवर विरळ. तिन्ही डबे काठोकाठ भरलेले, त्यातला एक कलंडून गालिच्यावर सांडलेला. तो भाग पुसून पुसून थकलो, चिकट ओल जातच नाही.

आत कुणी राहत नाही, स्वयंपाक नाही, आंघोळ नाही. मग एवढं पाणी येतं कुठून? गाडी गळते आहे का? आणि वीज नसताना करायचं काय? बॅटरीवर चालणारा छोटा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) घ्यावा का?

बायकोचं मत गाडी विकून टाकावी असं आहे. तो पर्याय कृपया इथे सुचवू नये.

प्रतिसाद १

ताडपत्री आधी काढा, बाकीचं नंतर वाचा. ताडपत्रीतून पाणी आत जात नाही तशी वाफही बाहेर पडत नाही. झाकायचंच असेल तर हवा खेळू देणारं कापडी कव्हर मिळतं.

दुसरं, फरशीतल्या त्या जाळ्या. त्या गॅससाठी आहेत हो! एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली बसतो आणि तिथूनच बाहेर जातो. चिकटपट्टी आजच्या आज सोडवा. वसंतात विसरून शेगडी पेटवलीत तर ओल हा प्रश्नच उरणार नाही.

प्रतिसाद २

पाणी कुठून येतं ते सांगतो. थंड पाण्याचा तांब्या बाहेरून घामेजतो, तोच प्रकार, फक्त इथे तांब्याच्या आत तुम्ही बसला आहात.

एक घनमीटर हवा २० अंशांना साधारण १७ ग्रॅम वाफ धरते, १० अंशांना साडेनऊच्या आसपास आणि शून्याला पाचपेक्षा कमी. शेवटच्या ट्रिपची ओल तुमच्या गाद्यांत, गालिच्यात, पडद्यांत मुरलेली होती. दिवसा ऊन लागलं की ती हवेत येते. रात्री निरभ्र आकाशाखाली छत आणि काच बाहेरच्या हवेहूनही गार पडतात, आणि हवेला न पेलणारी वाफ तिथे दव होऊन बसते. पुढची काच एकेरी, म्हणून तिथे सगळ्यात जास्त. आतून लावलेल्या पडद्याने ती आणखी गार राहते. पडदा बाहेरून लावतात तो यासाठीच.

कोकणातला पाऊस आणि इथला हिवाळा यांत हाच फरक. तिथे डबा घट्ट लावून कोरडी वस्तू कोरडी ठेवता येते. तुम्ही ओली वस्तू डब्यात घालून झाकण लावलंत.

गळती ओळखायची तर ओलीची जागा बघा. दव काचांवर, गादीखाली, कपाटांच्या मागच्या भिंतीवर असतं. गळती एकाच कोपऱ्यात, छताच्या सांध्याशी किंवा खिडकीच्या चौकटीखाली, आणि भिंत दाबली की मऊ लागते. ओल मोजायचं मीटर स्वस्तात मिळतं. १५ टक्क्यांपर्यंत ठीक, १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवा, त्यावर गेलं तर सांधे तपासून घ्या. पट्ट्यांचं तुमचं वर्णन वाचून मला तरी दवच वाटतं. हवा लागली तिथे बुरशी विरळ, नाही लागली तिथे दाट.

प्रतिसाद ३

डब्यांऐवजी परातीत जाडं मीठ पसरा. स्वस्त आणि मस्त.

प्रतिसाद २ लिहिणारा

मीठ साधारण ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली तरच पाझरतं, म्हणून तर पावसाळ्यात बरणी ओली होते. त्याखाली ते नुसतं बसून राहील. डब्यांतले खडे कॅल्शियम क्लोराइडचे, ते बऱ्याच कोरड्या हवेतूनही पाणी ओढतात. गालिच्यावर सांडलं तेच पाणी, म्हणून तो भाग वाळत नाही. कोमट पाण्याने दोनतीनदा धुऊन टिपून घ्या, आणि खाली लोखंड असेल तर आधी ते बघा, गंजतं. पण मूळ मुद्दा असा की झरोके उघडे ठेवले तर हे डबे अख्ख्या यॉर्कशायरची ओल शोषत बसतात. मी ते वापरायचं सोडलं.

बॅटरीवरच्या चिमुकल्या यंत्राला थंडीत चमचाभर पाणी मिळालं तरी खूप. कॉम्प्रेसरवाल्याच्या कॉइलवर गारठ्यात बर्फ धरतो. हिवाळ्यात उपयोगी तो डेसिकंट प्रकारचा (गार कॉइलऐवजी ओल शोषणारा पदार्थ वापरणारा), पण त्याला घरची वीज हवी. वीज असती तर छोटा नळीहीटरही पुरला असता. ३ अंशांवरची ९० टक्क्यांची हवा ८ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता ६५ च्या आसपास येते.

प्रतिसाद ४

आमच्याकडेही वीज नाही, पाचवा हिवाळा चालू आहे. गाद्या, उशा, पांघरुणं सगळं घरी आणतो. जे आणता येत नाही ते भिंतीपासून चार बोटं दूर, कडेवर उभं करून ठेवतो. कपाटं, फ्रिज, बाथरूम यांची दारं उघडी. झरोक्याची फट ठेवतो, पाऊस आत येणार नाही एवढीच. महिन्यातून एकदा कोरडा, वाऱ्याचा दिवस बघून जातो, सगळं सताड उघडतो आणि तासभर चहा पीत बसतो. चहा थर्मासमधून न्यायचा बरं का. आत गॅस पेटवलात तर एक किलो प्रोपेन जळून दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं.

टाकीतलं पाणी काढलं होतंत ना?

धागाकर्ता

अर्धी टाकी तशीच होती. आता काढली. नळ उघडे, गरम-थंड पाण्याच्या मिक्सर नळाचा दांडा मधोमध, शॉवर खाली लोंबता ठेवलाय.

शनिवारी पुन्हा गेलो होतो. ताडपत्री निघाली, जाळ्या मोकळ्या केल्या. मीटर आणलं: मागच्या भिंतीवर १३, खिडकीखाली १४, पण बाथरूमच्या छताच्या एका कोपऱ्यात २२. म्हणजे दवही आहे आणि बहुतेक गळतीही. तिथला सांधा उन्हाळ्यापर्यंत थांबेल की आताच उघडावा? कुणी स्वतः केलं असेल तर सांगा.

गाद्या घरी, जिन्याखाली आहेत. बायकोचं मत अजून बदललेलं नाही.