जुळ्या बहिणींची कादंबरी: थोरलीला सुख मिळालं, धाकटीचं काय? (शेवट उघड केला आहे)

गुजरीकर

आमच्या वाचन गटानं या महिन्याला घेतलेली ऐतिहासिक प्रेमकादंबरी काल संपवली. गटात सरळ दोन तट पडलेत, म्हणून इथं मांडतो. ज्यांना वाचायची आहे त्यांनी इथंच थांबावं.

गोष्ट थोडक्यात अशी. १९१८ चं कोल्हापूर. गुजरीतल्या एका सोनाराच्या जुळ्या मुली. कादंबरीभर त्यांच्या नावांची अदलाबदल चालते, त्यामुळं आपण थोरली आणि धाकटी म्हणू. थोरलीचं लग्न मिरजेच्या एका सराफाच्या घरी ठरलंय. धाकटीचा जीव सिनेमा कंपनीत पडदे रंगवणाऱ्या पोरावर, आणि त्याची जात वेगळी. लग्नाच्या आदल्या रात्री थोरली तापानं फणफणते. वऱ्हाड उतरलेलं, गावजेवणाची तयारी झालेली. बाप अब्रूखातर धाकटीला अंतरपाटामागं उभी करतो. ती मिरजेला जाते. थोरली बरी होते, पण इथून पुढं ती धाकटीच्या नावानं जगते. पडदेवाला मुंबईहून परत येतो, तर समोर तोच चेहरा. थोरली त्याला कित्येक महिने काही सांगत नाही. सांगते तेव्हा तो दोन पानांत माफ करून टाकतो. मग १९१९ मध्ये शाहू महाराजांचा आंतरजातीय विवाहाचा कायदा येतो, दोघं नोंदणीनं लग्न करतात, पुण्याला बिऱ्हाड करतात. समाप्त.

लिहिलंय गोड, त्यात वाद नाही. बाप दोघींसाठी एकवीस पानांचे दोन साज घडवतो, फक्त माशाचं पान एकीच्या साजात डावीकडं आणि दुसरीच्या उजवीकडं बसवतो. ते प्रकरण तर मी परत वाचलं. आमचं घराणं त्याच धंद्यातलं, हातोडीचा आवाज त्यात बरोबर उतरलाय.

पण धाकटी मिरजेला गेल्यावर लेखिका तिच्याकडं फिरकतच नाही. एक पत्र, एक मंगळागौर, बास. जिचं प्रेम होतं तिचंच सगळं गेलं, आणि आम्ही थोरलीच्या लग्नात डोळे पुसायचे? एका लेकीचं सुख दुसरीच्या खात्यातून काढलंय आणि वही कुणी तपासलेलीच नाही, असं झालंय हे. मला ही प्रेमकथा वाटली नाही. फसवणुकीला मांडव घातलाय.

सासुरवाशीण

दादा, नाही पटलं. मी तर कादंबरी धरून बसलो ते भाकरी करपली तरी उठलो नाही.

सगळ्यांना धाकटीचं वाईट वाटतं, कारण तिचा कुणीतरी होता. थोरलीला कुणी विचारलं होतं का, तुला मिरजेचं स्थळ पसंत आहे का म्हणून? तिचं लग्न बापानं ठरवलं, ती आजारी पडली, आणि शुद्धीवर आली तर तिचं नाव, तिचा शालू, तिचं सासर सगळं परस्पर वाटून टाकलेलं. वर घरात कुजबूज, ही आता ‘धाकटी’ म्हणून वागणार. पहिली फसवणूक बापानं केली, आणि दोघींची केली. तुम्ही गुन्हा थोरलीच्या पदरात टाकताय, बापाला मात्र साज घडवला म्हणून शाबासकी!

आणि धाकटी दिसत नाही म्हणता. अहो, लग्नात नाव बदलतंच. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनी पोरगी संपली. माझ्या सासूबाईंचं माहेरचं नाव मला त्यांच्या दिवसकार्यात कळलं. लेकीचं माहेरच्या घरातून पुसलं जाणं असंच असतंय. कादंबरी तिच्याकडं बघत नाही, कारण घरातलं कुणीच बघत नाही. मला तरी ते मुद्दाम केल्यासारखं वाटलं.

निवृत्त मास्तर

दोन्ही बाजू वाचल्या. भावनेचं तुमचं तुम्ही बघा, मी इतिहासाबद्दल बोलतो, कारण मुखपृष्ठावर ‘ऐतिहासिक’ असं छापलंय.

पहिली गोष्ट. धाकटी आणि पडदेवाला रंकाळ्यावर शालिनी पॅलेसच्या मागं भेटतात. शालिनी पॅलेस १९३० नंतर बांधला. १९१८ मध्ये हे दोघं कशाच्या मागं लपत होते? संध्यामठ होता की तिथंच, तो वापरायचा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. लग्न वैशाखातलं, आणि थोरलीला ताप कसला, तर त्या साली जगभर पसरलेल्या इन्फ्लुएंझाचा. ही साथ मुंबईत आली जून १९१८ मध्ये, आणि खरी माणसं मेली ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लाटेत. म्हणजे साथ पाहिजे असेल तर लग्न चातुर्मासात येतं, तेव्हा मुहूर्त नाहीत. मुहूर्त पाहिजे असेल तर ही साथ नाही. साधा मुदतीचा ताप लिहिला असता तर कुणी बोट ठेवलं नसतं. पण लेखकांना मोठ्या साथीचा मोह सुटत नाही.

तिसरी. अठरा वर्षांच्या दोन लेकी बिनलग्नाच्या? खुद्द महाराजांचं लग्न १८९१ मध्ये झालं तेव्हा लक्ष्मीबाईसाहेब दहा-अकरा वर्षांच्या होत्या. ‘दोघींना एकाच मांडवात उजवायचं म्हणून बाप थांबला’ एवढ्या एका वाक्यावर आठ वर्षं ढकललीत.

बरोबर काय आहे तेही सांगतो. नाटकाच्या प्रसंगात ‘पॅलेस थिएटर’ म्हटलंय ते योग्य, १९१५ ची इमारत, केशवराव भोसल्यांचं नाव नंतर आलं. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनीही त्याच सुमाराची. पडदे रंगवणारी मंडळी सिनेमाकडं वळली हे तर कोल्हापूरचं खरंच वैशिष्ट्य, खुद्द बाबूराव त्यातलेच.

रात्रपाळी

मास्तर, कादंबरी वाचताय का पेपर तपासताय? लोकं रडली, विषय कट.

निवृत्त मास्तर

रडायला माझी ना नाही. शालिनी पॅलेस मी सोडून देतो, ते नुसतं नेपथ्य आहे. पण तापावर सगळी कथा उभी आहे. ताप काढला तर अदलाबदल नाही, अदलाबदल नाही तर कादंबरी नाही. निदान तिथं तरी पंचांग उघडावं की नको?

कायद्याचा कीडा

मी वकिली करतो, म्हणून शेवटाबद्दल बोलतो. गटात बरेच जण म्हणाले की कायदा म्हणजे लेखिकेनं आकाशातून सोडलेली दोरी. मला उलट वाटतं. सगळ्या पुस्तकात इतिहासाला धरून असलेला भाग तोच.

त्या काळात ब्रिटिश मुलखात दोन जातीच्या हिंदूंना कायद्यानं लग्न करायचं म्हटलं तर १८७२ चा कायदा होता, आणि त्याखाली ‘मी हिंदू नाही’ असं लिहून द्यावं लागायचं. ती अट काढायला विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ मध्ये विधेयक आणलं. त्यावर देशभर गदारोळ झाला आणि ते मंजूर झालंच नाही. कोल्हापुरात मात्र १९१९ मध्ये कायदा झाला. म्हणजे पंचगंगेकाठी जे चाललं ते पुण्यात चाललं नसतं. अशा जागी प्रेमकथा घडवणं यात मला तरी आळस दिसत नाही.

लेखिकेच्या हातून निसटलंय ते वेगळंच. मिरज हे पटवर्धनांचं संस्थान. कोल्हापूरचा कायदा तिथं लागू नाही. १९१९ मध्येच कोल्हापुरात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धही कायदा झाला, तोही सरहद्दीपलीकडं गेला नाही. दोन बहिणी, एकच चेहरा, मधे एक सरहद्द. एकीला महाराजांचा कायदा मिळतो, दुसरीला नाही. ही खरी कादंबरी होती! लेखिकेच्या पुढ्यात पडलेली होती, आणि तिनं पुण्याच्या बिऱ्हाडाचे पडदे शिवत बसणं पसंत केलं.

आणखी एक. नोंदणीच्या वहीत थोरलीनं सही कोणत्या नावानं केली? लेखिका तिथं पावसाचं वर्णन करते आणि पुढच्या प्रकरणाला जाते.

मिरजकर

आमच्या गावाला एवढं काळं का रंगवताय सगळे? त्या पुस्तकात मिरजेचा नवरा वाईट माणूस नाही. सतार शिकतो, आईपुढं बोलत नाही, बायकोला एकदाही टाकून बोललेला दाखवलेला नाही. क्रूरपणाचा कायदा कुठून आणला वकीलसाहेब?

खरं म्हणजे सगळ्यात जास्त फसला तो. दुसऱ्याच मुलीशी लग्न लागलं आणि शेवटपर्यंत त्याला पत्ता नाही. त्याच्यासाठी कुणी एक ओळ लिहिली नाही, ना लेखिकेनं, ना इथं कुणी.

पेठेतली पोरगी

मिरजकर काका, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण मला पडदेवाल्याबद्दल बोलायचंय. सगळे बहिणींवर भांडताय आणि तो हळूच सुटलाय.

त्याला फरक कळतच नाही? ज्या मुलीबरोबर दोन वर्षं चोरून बोलला, तिच्या जागी दुसरी उभी राहिली आणि हा ‘तू जरा गप्प झालीस’ म्हणून मोकळा? मग प्रेम कुणावर होतं, नाकाडोळ्यांवर? नायकाला नायिका ओळखू येत नाही ती प्रेमकथा मी प्रेमकथा म्हणून का वाचू? इतिहास चुकला तर मी मास्तरांसारखी हळहळेन, पण हे चुकलं तर पुस्तकच गेलं.

सासुरवाशीण

पोरी, नीट वाच. त्याला कळलंय. मी सांगतो कुठं.

देवळाच्या पडद्याचं प्रकरण आहे बघ. तो लक्ष्मीचा चेहरा रंगवायला थोरलीला समोर बसवतो, गळ्यातला साज चितारायला घेतो, माशाच्या पानाशी हात थांबतो आणि कुंचला धुवायला उठतो. लेखिका पुढं काही बोलत नाही. पण मासा कुठल्या बाजूला होता हे त्याला माहीत होतं, आधीच्या भेटीत त्यानंच तो बोटानं मोजलाय. म्हणजे थोरली कबूल करते त्याच्या कितीतरी आधी त्याला ठाऊक होतं. माफी दोन पानांत उरकते ती त्याच्यामुळंच. त्यानं माफ आधीच केलं होतं. एवढं हळुवार लिहिलंय आणि तुम्ही म्हणताय नायक बावळट.

पेठेतली पोरगी

ताई, परत काढून वाचलं. हात थांबतो, हे खरं.

पण मग तर तो अजूनच वाईट! कळलं होतं ना? म्हणजे आपली धाकटी मिरजेत आहे, दुसऱ्याच्या घरात, हेही कळलं. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ पासून चालू आहे. मिरज काय विलायतेत होतं का? एकदा जाऊन स्टेशनवर तरी उभा राहायचास. हा इथं लक्ष्मी रंगवत बसला, कारण समोर तयार चेहरा होता. बावळट परवडला असता.

गुजरीकर

मी हेच म्हणत होतो, पण मला पडदेवाला सुचला नाही, मी थोरलीलाच धरून बसलो होतो. ताई, साजाचं तुम्ही दाखवलंत ते मान्य. पण त्यानं माझी तक्रार वाढली. आता दोघांना माहीत आहे आणि दोघंही गप्प आहेत. बाप धरला तर तिघं. धाकटीचं ते एकुलतं एक पत्र आठवा: ‘इथं सर्व कुशल, साज घालत नाही, जड होतो.’ घरात ते पत्र वाचून कुणी काही बोलत नाही, आणि पुढच्या ओळीत हळदीचा बाजार सुरू.

सासुरवाशीण

गेला असता स्टेशनवर, आणि? तिला घेऊन आला असता? लग्न झालेली बाई, सासर, बापाची अब्रू, वर याची जात. वकीलसाहेबांनीच सांगितलं की, तिकडं कायदा नाही. दिसली असती तर त्या बिचारीला दोन घरात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. न जाणं हीच त्याची माया असेल. तुम्हा आजकालच्या पोरांना वाटतं, प्रेम म्हणजे धावत जाऊन गाडी पकडायची.

पेठेतली पोरगी

माया असेल तर थोरलीशी लग्न कशाला? राहायचं होतं की तसंच. ‘तिच्या भल्यासाठी गेलो नाही’ आणि ‘तिच्या बहिणीशी संसार थाटला’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा ताई.

कायद्याचा कीडा

मिरजकर, माणूस वाईट होता असं मी म्हटलेलं नाही. चांगल्या नवऱ्याच्या घरातही बाई तिथं कुणाच्या तरी चुकीनं बसलेली असू शकते. तुमचा एक मुद्दा मात्र मी पुढं नेतो. अंतरपाट दूर झाल्यावर त्यानं पाहिलेला चेहरा आणि मुलगी बघायला आला तेव्हा पाहिलेला चेहरा, दोन्ही सारखेच. पण बघण्याच्या कार्यक्रमात थोरलीनं त्याला गाणं म्हणून दाखवलंय, पहिल्याच प्रकरणात, आणि धाकटीला सूर धरता येत नाही असं घरातले चेष्टेनं म्हणतात. सतार शिकणाऱ्या माणसाच्या ते लक्षात आलं नसेल?

मिरजकर

अहो हे डोक्यातच आलं नव्हतं. मंगळागौरीत तिला गायचा आग्रह होतो तेव्हा तोच मधे पडून म्हणतो, ‘तिचा घसा बसलाय.’ मी ते वाक्य साधं समजून पुढं गेलो होतो. म्हणजे त्यालाही माहीत होतं, आणि त्यानं तिला झाकलं. बघा, आमच्या मिरजेचा माणूस तुमच्या पडदेवाल्यापेक्षा सरस निघाला.

निवृत्त मास्तर

इन्फ्लुएंझात घसा बसतोच, पण वैशाखात नाही.

रात्रपाळी

मास्तर 🙏

बाकी मी अजून वाचलेली नाही, तुमच्यामुळं सगळा शेवट कळला. गटाची प्रत सध्या कुणाकडं आहे? मंगळागौरीचं पान कुठलं तेवढं सांगा, मी तिथूनच सुरू करतो.