'गेटकीपर'ला मराठीत काय म्हणावं?

युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टवर, म्हणजे बड्या ऑनलाइन कंपन्यांना लगाम घालणाऱ्या कायद्यावर, मराठीत लिहिते आहे. त्यात 'गेटकीपर' पावलोपावली येतो: जिला टाळून इतर धंद्यांना गिऱ्हाइकापर्यंत पोचता येत नाही अशी कंपनी. सप्टेंबर २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने अल्फाबेट (गूगलची पालक कंपनी), अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टिकटॉकवाली चिनी बाइटडान्स या सहा कंपन्यांवर हा शिक्का मारला. मी 'द्वारपाल' लिहिलं, पण खटकतंय. दुसरा शब्द सुचवाल का?

— खटकणारच. द्वारपाल म्हटलं की गाभाऱ्याबाहेरचे जय-विजय डोळ्यांपुढे येतात. ते धन्याच्या हुकमात उभे. आमच्या कोकणात 'राखणदार' म्हणजे तर गाव सांभाळणारा देव. त्याला आम्ही नारळ देतो. तो शब्द कृपा करून या कंपन्यांना देऊ नका.

'नाकेदार' कसा वाटतो? जकातनाक्यावर बसणारा. आयफोनच्या अ‍ॅपमध्ये गिऱ्हाइकाने डिजिटल वर्गणी भरली की अ‍ॅपलचं कमिशन ३० टक्क्यांपर्यंत. वर, 'हीच वर्गणी आमच्या संकेतस्थळावर स्वस्तात मिळते' हे अ‍ॅपवाल्याला मोकळेपणी सांगता येत नसे. त्याबद्दलच एप्रिल २०२५ मध्ये आयोगाने अ‍ॅपलला ५० कोटी युरोंचा दंड केला. पलीकडून वाट आहे हे गाडीवानाला कळू न देणारा तो नाकेदारच.

— शब्द झकास आहे, पण नाकेदार सरकारचा माणूस. जकात सरकारी तिजोरीत जायची. इथे नाका कंपनीचा आणि गल्लाही तिचाच. शिवाय कायद्याचे आकडे कमिशनचे नाहीत, आकाराचे आहेत: युरोपात वर्षाला ७५० कोटी युरोंची उलाढाल किंवा ७,५०० कोटींचं बाजारमूल्य, जोडीला महिन्याला साडेचार कोटी वापरकर्ते आणि वर्षाला दहा हजार व्यावसायिक. गूगल सर्च कुणाच्या विक्रीतून टक्केवारी कापत नाही, तरी यादीत आहेच.

— टक्केवारीचं मान्य. पण नाक्याचं बळ त्याच्या जागेत असतं. गिऱ्हाइकापर्यंत जायचं तर तिथूनच जावं लागतं, आणि हे गूगल सर्चलाही लागू पडतं. सरकारी वास नको असेल तर पहिल्यांदा 'बाजारपेठेचे नाकेदार' लिहा, पुढे नुसतं 'नाकेदार'.

— वाक्यात घालून पाहिलं: 'नाकेदार कंपन्यांना ७ मार्च २०२४ पासून हे नियम बंधनकारक झाले.' बसतंय! आता 'सेल्फ-प्रेफरन्सिंग'? शोधात स्वतःची खरेदीसेवा वर दाखवली म्हणून २०१७ मध्ये गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड झाला होता, ते.

— 'आपलाच माल पुढे मांडणं'. दुकानदार हेच म्हणतात, नवा शब्द कशाला घडवायचा?