सेटटॉप बॉक्स प्लायच्या दाराआड, आयआर सेन्सर लावून पण रिमोट चालंना

बंद_कपाट (राजारामपुरी):
मंडळी, नवीन टीव्ही युनिट करून घेतलं, सुताराला काचेचं दार सांगितलेलं, त्यानं बसवलं प्लायचं, आता सेटटॉप बॉक्स दाराआड. चॅनेल बदलायला आजी दरवेळी काठी टेकत उठते, दार उघडते, बटण दाबते, परत लावते. म्हणून टीएसओपी 1738, म्हणजे रिमोटचा आयआर (इन्फ्रारेड) सिग्नल पकडणारा सेन्सर, आणून टीव्हीखाली चिकटवला, आउटपुट रेझिस्टरमधनं बीसी 547 ट्रान्झिस्टरच्या बेसला, कलेक्टरला आयआर एलईडी, तो बॉक्ससमोर. सप्लाय जुन्या चार्जरचा 5 व्होल्ट. बॉक्स ढिम्म. मोबाइलच्या कॅमेऱ्यातनं बघितलं तर एलईडी कायमच मंद जांभळा दिसतोय आणि रिमोट दाबला की उलट विझल्यासारखा लुकलुकतोय. काय चुकलं?

पेठेतला_गडी:
भावा सेन्सरचे पाय (पिना) बघ आधी. 1738 ला ग्राउंड, सप्लाय, आउटपुट असा क्रम, आणि त्याऐवजी 1838 सेन्सर दिला असंल दुकानदारानं तर आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. माझा एक असाच गेला, बोटाला चटका बसला तवा कळलं.

सोल्डरवाले_काका:
पाय बरोबर आहेत, नाहीतर लुकलुकलंच नसतं. घोळ दुसराच आहे. रिमोट नुसता उजेड पाडत नाही, सेकंदाला 38 हजार वेळा चालू-बंद करत त्याचे तुकडे पाठवतो, आणि टीएसओपीचं कामच ते 38 किलोहर्ट्झ काढून टाकून नुसता कोड पुढं द्यायचं. तू तोच सोललेला कोड एलईडीला दिलास, बॉक्समधला सेन्सर त्याला ओळखच देणार नाही. वर टीएसओपीच्या आउटपुटला एरवी व्होल्टेज असतं (हाय), सिग्नल आला की जातं (लो), म्हणून तुझा एलईडी उलटा चालतोय.
आता 555 आण, ती टायमर आयसी 38 किलोहर्ट्झ परत तयार करंल. 1 नॅनोफॅरडचा कपॅसिटर, 1 के चा रेझिस्टर, आणि 15 के ला सिरीजमध्ये 10 के चा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा रेझिस्टर), 38 किलोहर्ट्झ त्यात बसतंय. तोच 547 आता 555 च्या 4 नंबर पायावर (रिसेट) घे, कलेक्टर तिथं, 10 के नं प्लसला ओढलेला, म्हणजे सिग्नल आल्यावरच 555 बोलंल. एलईडी 3 नंबर पायावरनं (आउटपुट) 100 ओहममधनं. आणि टीएसओपीच्या सप्लायला 100 ओहम आणि ग्राउंडला 4.7 मायक्रोफॅरड अगदी पायाजवळ लाव, चार्जरच्या सप्लायमध्ये कचरा (नॉइज) लय असतो.

रंकाळा_काठ:
एवढा खटाटोप कशाला, तयार आयआर रिपीटर मिळतो, रिमोटचा सिग्नल पकडून आत पोचवतो, सेन्सर एक, एलईडीच्या वायरी चार, चिकटवलं की झालं. फायर स्टिक असंल तर तिला ह्यातलं काहीच नको, तिचा रिमोट ब्लूटूथवर चालतो, प्लायमधनं जातोय.

बंद_कपाट:
काका, झालं! पुतण्याला रिमोट दाबत बसवला आणि मी स्क्रूड्रायव्हरनं प्रीसेट फिरवत, मध्यावर आल्यावर बॉक्सनं एकदम पाच चॅनेल उडवले. मग नुसताच बडबडायला लागला, बघतो तर दाराच्या फटीतनं एलईडीचा उजेड परत टीएसओपीवर जात होता, आपलंच ऐकून आपणच बोलत होता. काळी चिकटपट्टी गुंडाळली, गप्प.
आजी म्हणते, दार लावून चालत होतं तर एवढे दिवस मला कशाला उठवलंस.