शब्दचर्चा : हुकूमनामा ‘अटीवर रद्द’ होणे

विचारणा (इंदूर) : नात्यातील एका दिवाणी दाव्याच्या हिंदी आदेशात ‘एकपक्षीय डिक्री’ परिव्यय देण्याच्या शर्तीवर ‘अपास्त’ केल्याचे लिहिले आहे. घरातील वडीलधाऱ्यांना ‘दंड भरून निकाल रद्द झाला’ असे मराठीत सांगितले, तर अर्थ बरोबर पोहोचेल का?

उत्तर : ‘एकपक्षीय डिक्री’ म्हणजे एकतर्फी हुकूमनामा, म्हणजेच प्रतिवादीच्या गैरहजेरीत न्यायालयाने दिलेला निकाल, आणि ‘अपास्त करणे’ म्हणजे रद्द करणे, इथवर अडचण नाही. ‘दंड’ हा शब्द मात्र कृपया वापरू नये. दंड अपराधाबद्दल होतो आणि सरकारजमा होतो. येथील ‘परिव्यय’, म्हणजे दाव्याचा खर्च, सामान्यतः समोरच्या पक्षकाराला मिळतो, कारण प्रतिवादी हजर न राहिल्यामुळे त्याला जे हेलपाटे आणि वकिलाची जी फी सोसावी लागली, त्याची ती काही अंशी भरपाई असते. ‘दंड’ ऐकून वडीलधाऱ्यांची अशी समजूत होईल की आपल्या माणसावर ठपका आला, आणि ते त्यांच्या मनाला विनाकारण लागेल.

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 9, नियम 13 नुसार समन्स रीतसर बजावले गेले नव्हते किंवा पुरेशा कारणामुळे हजर राहता आले नाही, यांपैकी एक गोष्ट प्रतिवादीने पटवून दिली, तर न्यायालय हुकूमनामा रद्द करते आणि तसे करताना खर्चाबाबत, न्यायालयात रक्कम भरण्याबाबत किंवा इतर योग्य वाटतील त्या अटी घालू शकते. यातील ‘रक्कम भरणे’ नीट समजून घ्यावे. खर्च दिला की तो गेला. न्यायालयात भरलेली रक्कम मात्र जमा म्हणून राहते आणि तिचे काय करायचे हे न्यायालयाच्या पुढील आदेशावर ठरते. म्हणून पहिल्यासाठी ‘खर्च देणे’ आणि दुसऱ्यासाठी ‘रक्कम जमा करणे’ असेच लिहावे. दोन्हींना ‘पैसे भरले’ म्हटल्यास, दावा मान्य करून देणे चुकते केले, असा भलताच अर्थ घरात पसरतो.

अटी वाजवी असाव्यात, अवाजवी कठोर नसाव्यात, हे सर्वोच्च न्यायालयाने व्ही. के. इंडस्ट्रीज विरुद्ध मध्य प्रदेश विद्युत मंडळ (2002) या प्रकरणात सांगितले आहे. हुकूमनामा रद्द करून मागण्याच्या अर्जाची मुदत 30 दिवसांची असते; समन्स रीतसर बजावलेले नसेल, तर ती हुकूमनामा कळल्यापासून मोजतात.

पुन्हा विचारणा : आपल्याकडे बोलताना ‘शर्त’च म्हणतात. ते चूक आहे का?

उत्तर : चूक नाही, ‘विनाशर्त’ आपण लिहितोच. तरी लेखी मराठीत ‘अट’ घ्यावी, कारण अट घालणे, पाळणे, मोडणे ही क्रियापदे तिच्यासोबत सहज येतात. ‘अटीवर रद्द’ यातील ‘वर’ हे शब्दयोगी अव्ययही महत्त्वाचे आहे. आदेशात दिलेल्या मुदतीत खर्च दिला नाही, तर रद्द होण्याचा लाभ सामान्यतः मिळत नाही आणि हुकूमनामा कायम राहतो. त्यामुळे मुदत संपण्यापूर्वीच वकिलांना भेटून, गरज असल्यास, ती वाढवून मागावी.

वादीच गैरहजर राहिल्यामुळे दावा काढून टाकला गेला असेल, तर मात्र ‘हुकूमनामा रद्द’ हे शब्द लागू पडत नाहीत, कारण तेथे रद्द करण्यासाठी हुकूमनामाच नसतो. तशा वेळी त्याच आदेश 9 मधील नियम 9 खाली दावा ‘पुन्हा फाइलवर घेतला’ असे म्हणावे. खर्चाची अट तेथेही घातली जाते.