मदत हवी आहे : विंडोज ११ साठीच्या सूचना

मंडळी, ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, म्हणून मीही ११ वर आलो. आता फीडबॅक हबवर (मायक्रोसॉफ्टला सूचना पाठवायचं ॲप, विंडोज की आणि एफ दाबलं की उघडतं) सुधारणा सुचवायच्यात. त्याआधी तुमचं मत हवंय.

पहिली मागणी टास्कबारची. भाषांतराच्या कामात माझ्या दहा-बारा फायली एकदम उघड्या असतात. १० मध्ये टास्कबार डाव्या कडेला उभा लावायचो. 'प्रकरण ३ शुद्ध', 'प्रकरण ३ शुद्ध नवीन', सगळी नावं एकाखाली एक दिसायची. रुंद स्क्रीनवर कडेची जागा तशीही रिकामीच! ११ आली तेव्हा ही सोय काढून टाकली होती. पण बटणांवरची नावंही तेव्हा गायब होती. लोकांनी लावून धरलं आणि २०२३ मध्ये ती परत आली. म्हणजे ओरडून उपयोग होतो.

राइट-क्लिकचा जुना मेनू शिफ्ट धरून क्लिक केलं की येतो, त्यामुळे ती तक्रार खोडली. प्रत्येक खिडकीला वेगळा कीबोर्ड ठेवायची सोयही सेटिंगमध्ये सापडली.

आता विचारायचं ते असं : उभ्या टास्कबारची सूचना कुणी आधीच टाकलीय का? असेल तर दुवा द्या, नवीन टाकण्यापेक्षा तिलाच मत देतो. आणि मराठी फोनेटिकवर (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करायच्या कीबोर्डवर) 'दऱ्या' कसं टाइप करता? इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्डमध्ये) 'ऱ' शिफ्ट-जेवर आहे, पण आमच्या बाईसाहेबांना इनस्क्रिप्ट नकोय.